रूळ विका, पण रेघ मोडू नका

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मंडळाचे सर्व सदस्य,
मुंबई बंदर प्राधिकरण

स. न. वि. वि.

मी उरणचा. मोरा बंदरातून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि तिथून मुंबईत शिरायचं, हा आमच्याकडच्या अनेकांचा पिढ्यान् पिढ्यांचा रस्ता. त्यामुळे मुंबईची आमची पहिली ओळख व्हीटी किंवा दादर नाही. धक्का, मासळीचा वास, गोदामांच्या लांबच लांब भिंती आणि रस्त्यात मध्येच आडवे येणारे, कुठून कुठे जातात ते न कळणारे रूळ, ही आमची मुंबई. हे पत्र त्या रुळांबद्दल आहे.

पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे आराखडे गेली काही वर्षं निघत आहेत. कधी मरीना, कधी बगीचा, कधी कचेऱ्यांचे मनोरे. त्या प्रत्येक चित्रात झाडं, बाकडी आणि फिरणारी माणसं असतात. जुनी रेल्वे मात्र कुठे दिसत नाही. दिसलीच तर चौथऱ्यावर रंगवून उभ्या केलेल्या इंजिनाच्या रूपात. माझी विनंती नेमकी उलटी आहे. इंजिन नसलं तरी चालेल. रूळही भंगारात विकायचे असतील तर विका, लोखंडाला भाव आहे आणि संस्थेला पैशाची गरज असते हे मलाही समजतं. पण रूळ ज्या पट्टीवरून गेले ती पट्टी वडाळ्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंत अखंड ठेवा आणि लोकांना तिच्यावरून चालू द्या.

आधीच स्पष्ट करतो, ज्या मार्गावर अजून वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, हलतात त्याबद्दल मी बोलत नाही. तो चालू राहावा, उलट वाढावा. मी बोलतोय ते मेलेल्या सायडिंगबद्दल: बंदराबंदरांकडे फुटलेले फाटे, गोदामांच्या दारात जाऊन संपणारे रूळ, डांबराखाली गाडले गेलेले सांधे. आणि हे सगळं मी सार्वजनिक रस्त्यांवरून, पुलांवरून आणि फाटकाबाहेरून पाहिलंय. कुणाच्या कुंपणावरून उडी मारलेली नाही, त्यामुळे पत्राला उत्तर म्हणून नोटीस पाठवायची तसदी घेऊ नये.

तुम्हाला तुमचाच इतिहास सांगायचा म्हणजे आगाऊपणाच, पण मंडळावरचे सदस्य बदलत असतात आणि फाइली कपाटात असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट (बीपीटी) स्थापन झाला १८७३ साली. ससून गोदी १८७५ ची, प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची. गोद्या वाढल्या, जहाजं वाढली, पण जहाजातून उतरलेला माल आगगाडीपर्यंत न्यायला बैलगाड्या. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माझगाव ते शिवडी हा किनारा भराव टाकून पुढे ढकलला, तिकडे अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणली आणि तिच्यातून निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. या सगळ्याला शिवणारा धागा म्हणून पोर्ट ट्रस्टने स्वतःची रेल्वे बांधली. १ जानेवारी १९१५ ला ती सुरू झाली. वडाळ्याला मोठं यार्ड, तिथे जीआयपी (आजची मध्य) आणि बीबीसीआय (आजची पश्चिम) या दोन्ही रेल्वेंशी जोडणी, आणि तिथून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्याने धान्याच्या गोदामांना, कापसाच्या गोदामांना, कोळशाला, लाकडाला, गोद्यांना फाटे.

या रेल्वेचं वैशिष्ट्य असं की ती शहरातल्या माणसांनी जवळजवळ पाहिलीच नाही. तिला समांतर, हाताच्या अंतरावर, हार्बर लाइन. त्याच हार्बर लाइनवर ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या स्टेशनांवरून आजही रोज हजारो माणसं जातात. पण पश्चिमेला उतरणाऱ्याला पूर्वेला काय आहे याचा पत्ता नसतो. पूर्वेला काय होतं? या शहराचं पोट होतं. गहू, तांदूळ, कापूस, लोखंड, तेल, कोळसा.

कोळशाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या पत्राची सुरुवात माझ्या डोक्यात तिथून झाली. कोकणात कोळसा नाही. आपल्याकडे कातळ आणि जांभा. त्यात लोहखनिज मिळेल, बॉक्साइट मिळेल, कोळसा सात जन्मांत मिळणार नाही. महाराष्ट्रात कोळशाची खाण आणि तिच्यासाठी टाकलेली रेल्वे पाहायची तर वरोऱ्याला जावं लागतं. तिथली सरकारी खाण १८७१ ला सुरू होऊन १९०६ ला बंद पडली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग मुळात त्या खाणीसाठी. खाण संपली, पण तो फाटा मात्र पुढे वाढत जाऊन दिल्ली-चेन्नई मार्गाचाच भाग झाला. खाणीच्या रेल्वेचं नशीब सहसा इतकं थोर नसतं. खाण आटली की रूळ उखडतात, झुडपं माजतात, आणि मग पन्नास वर्षांनी कुणी हौशी माणूस जुना नकाशा घेऊन ती वाट शोधत फिरतो.

आपल्या किनाऱ्यावर खाणीची बाजू नव्हती, पण त्याच साखळीचं दुसरं टोक होतं. झरिया, राणीगंजचा कोळसा काही रेल्वेने यायचा, काही कोलकात्याहून जहाजाने. त्याआधी आणि त्यासोबत वेल्सचा, पुढे दक्षिण आफ्रिकेचाही आला. गिरण्यांचे बॉयलर, आगबोटींची भट्टी, आगगाडीची इंजिनं, सगळ्यांची भूक तीच. रे रोडच्या पूर्वेला लाकडी बंदर, कोळसा बंदर, दारूखाना ही नावं अजून रस्त्यांना आहेत. गंमत म्हणजे ज्या १९१५ साली तुमची रेल्वे सुरू झाली, त्याच साली टाटांची खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे कोळसा वाहायला रूळ टाकून झाले आणि लगेच कोळशाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने दुसरं दुकान शोधायला सुरुवात केली. तरी कोळसा लगेच संपला नाही. शंभर वर्षांनंतरही हाजी बंदरावर त्याची चढउतार होत होती. शिवडीकरांनी घराघरांत बसणाऱ्या काळ्या धुळीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे ती थांबली. त्यांचं बरोबरच होतं. जुन्या गोष्टींचं प्रेम म्हणून मी कोळशाच्या धुरळ्याचं कौतुक करणार नाही.

आता वाटेबद्दल. शिवडीपासून दक्षिणेला चालत यायला लागलं की रूळ सारखे दिसतात आणि सारखे हरवतात. रस्ता ओलांडतात तिथे ते सर्वांत स्पष्ट, कारण तिथे रुळाच्या आतल्या बाजूला दुसरा रूळ लावलेला असतो, चाकाच्या कडेला जागा राहावी म्हणून. त्या फटीत आता डांबर, माती, गुटख्याच्या पुड्या आणि बाटल्यांची बुचं घट्ट बसली आहेत. सायकलवाला ती फट नेमकी काटकोनात ओलांडतो, तिरका गेला तर चाक अडकतं. इथल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. रस्ता संपला की रूळ गवतात शिरतात. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत, मे महिन्यात सगळं पिवळं आणि खडी उघडी. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला रुळाचा कापलेला तुकडा पडला होता. रुळाच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं, ते वाचायला खडू घासला. नाव गंजाने खाल्लं होतं. सालातले १९ एवढेच आकडे उठले, पुढच्या दोन आकड्यांच्या जागी नुसता खपला. तो तुकडा पुढच्या खेपेला तिथे नव्हता.

खडीत बारीक काळे कण सापडतात. पावसाची सर येऊन गेली की चमकतात म्हणून कळतं. बोटांत चुरडले की काळी रेघ उमटते. तो झरियाचा की आणखी कुठला, हे सांगणारं आता कुणी नाही.

सांध्यांची, म्हणजे गाडीचा रूळ बदलायची, लोखंडी हँडलं काही ठिकाणी शिल्लक आहेत, एकाला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. गोदामांच्या भिंतींकडे पाहिलं की ध्यानात येतं, दारं रस्त्याच्या उंचीला नाहीत, वाघिणीच्या उंचीला आहेत. हमालाला पाठीवरचं पोतं वर चढवायला लागू नये, सरळ आडवं आत जावं, अशी ती मांडणी. आज त्या दारांसमोर ट्रक उभा राहतो आणि मध्ये फळी टाकावी लागते. रूळ निघून गेले तरी इमारती अजून रेल्वेकडेच तोंड करून उभ्या आहेत. उद्या या गोदामांत कुणी कलादालन किंवा कॉफीचं दुकान काढलं आणि समोरची पट्टी मात्र भूखंड म्हणून विकली गेली, तर ही दारं एवढ्या उंचीवर का, याचं उत्तर कोणालाच देता येणार नाही.

रे रोडच्या बाजूला एका टपरीवर चहा घेताना मी असाच वाकून काहीतरी बघत होतो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी बराच वेळ सहन केलं आणि मग विचारलं, "काय शोधतंस रे बाबा? आता हंय गाडी येवची नाय." मालवणकडचे. सगळी नोकरी बीपीटीत, निम्मी यार्डात. मी म्हटलं, "काका, गाडी नको, वाट बघतोय कुठून जायची ती." मग काका सुटले. कुठल्या फाट्यावर किती वाघिणी मावायच्या, शंटिंग करताना कंदील कसा हलवायचा, भरतीच्या वेळी पाणी कुठपर्यंत चढायचं, कुठल्या मुकादमाला कसं पटवायचं. अर्ध्या तासात त्यांनी बोटाने हवेत जो नकाशा काढला तो तुमच्या कचेरीत असेल की नाही, शंका आहे. असेलही. पण कुठला फाटा कुणाच्या वेळेत का बंद पडला, हे ड्रॉइंगवर नसतं.

आणि ही माणसं कोण? मालवण, देवगड, राजापूर, गुहागर, दापोली, श्रीवर्धन, आमचं उरण, अलिबाग. कोकणाने मुंबईला आंबे दिले असं सगळे म्हणतात, त्याच कोकणाने पाठीही दिल्या. गोदी कामगारांना सकाळी फाटकावर उभं राहून काम मिळेल का याची वाट पाहावी लागायची. १९४८ च्या कायद्याने ती रोजची लाचारी कमी झाली. पी. डिमेलोंनी त्यांना संघटित केलं, त्यांच्या नावाचा रस्ता तुमच्या गोद्यांच्या भिंतीला लागूनच आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच पोटात भरलेले. त्या आगीत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्यासाठी आजही दर वर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या दिवशी गोदीत मेलेल्या हमालांची नावं कुठे आहेत? जिथे ते जहाज फुटलं ती गोदीसुद्धा आता बुजवली आहे. चालत जाणाऱ्या माणसाला तिथे थांबून एवढं तरी वाचता आलं पाहिजे.

या रेल्वेचं दुसरं, जरा मिरवणारं टोक होतं बॅलार्ड पिअरला. तिथल्या मोल स्टेशनवर विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरून थेट गाडीत बसायचा आणि पेशावरच्या दिशेने निघायचा. फ्रंटियर मेल १९२८ ला सुरू झाली ती याच थाटात. ते स्टेशन १९४४ च्या सुमारास बंद पडलं. इतिहासाची पाटी लावायची वेळ येते तेव्हा सगळ्यांना हेच टोक आठवतं, कारण त्यात साहेब, मेल आणि मखमली पडदे आहेत. त्याच रुळावर पाठीमागे काही मैलांवर कोळशाच्या पाट्या उचलणाऱ्या बायकापुरुषांचं टोक कुणाला आठवत नाही. सलग वाट ठेवली तर दोन्ही टोकं एकाच चालीत येतात, हा तिचा मोठा फायदा.

ही रेल्वे मेली कशाने, याचं उत्तर आम्हा उरणकरांना कुणी सांगायला नको. तुमच्या रुळावरचा माल आमच्या शेतांवर आला. १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर खाडीपलीकडे गेले. पेटी आली की पोतं गेलं. पोतं गेलं की पोतं उचलणारा, गोदाम आणि गोदामापर्यंतचा रूळ, सगळंच एकेक करून गेलं. इकडे मिठागरं आणि भातशेती गेली. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढताना आमच्यातले पाच जण गोळीबारात पडले. तेव्हा मुंबई बंदराच्या भरभराटीच्या आठवणीने मी गहिवरून हे लिहितोय, असा कुणी समज करून घेऊ नये. एका किनाऱ्यावरचं काम दुसऱ्या किनाऱ्यावर जाताना दोन्हीकडच्या माणसांचं काय झालं, हे आमच्या घरांत जेवताना बोललं जातं. म्हणून त्या पट्टीवर थोडाफार हक्क आमचाही आहे असं मी मानतो. कागदावर नसेल.

१२ जानेवारी २०२४ हा आमच्याकडे मोठा दिवस होता. अटल सेतूचं उद्घाटन त्याच दिवशी झालं आणि उरणपर्यंतच्या लोकलचंही त्याच दिवशी. सेतू शिवडीला सुरू होतो आणि आमच्या तालुक्यात उतरतो. त्यावर चालायला बंदी, दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण शिवडीच्या टोकाला त्या पुलाच्या सावलीत उभं राहिलं की जुनी रेल्वे आणि नवा पूल एका नजरेत येतात, आणि पायी चालणाऱ्याला दोन्हीकडे शिरकाव नाही.

मुंबईने असे मार्ग याआधी गमावले आहेत. चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत गाडी जायची, ती ३१ डिसेंबर १९३० ला बंद झाली. तिथे आज बधवार पार्क आहे, स्टेशनची खूण मिळत नाही. अंधेरी ते ट्रॉम्बे रेल्वे १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला आटोपली. सांताक्रूझच्या विमानतळाने आणि रस्त्यांनी ती गिळली. आज नकाशावर पट्टी धरून ती कुठून गेली असेल याचा तर्क करावा लागतो. याउलट बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन पाहा. १८६३ पासून गाड्या तिथे तोंड फिरवून वर चढायच्या, १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाला आणि ते सुटलं. कुणी काही जपलं नाही, पण कुणी बांधकामही केलं नाही. म्हणून आजही खंडाळ्याला जाणारे भटके ती जागा शोधतात, कमानी बघतात, गाडी उलटी कशी फिरायची हे पोरांना दाखवतात. सरकारने काही केलं नाही तरी चालतं. नको ते केलं नाही म्हणजे झालं.

कुलाब्याला आणि ट्रॉम्बेला जे शक्य नव्हतं ते तुमच्याकडे शक्य आहे, कारण तुमच्याकडे सगळी पट्टी एकाच मालकाची. पूर्व किनाऱ्यावर सुमारे १८०० एकर जमीन तुमच्या ताब्यात आहे असं कायम छापून येतं. त्यात या रेघेची जागा किती? ब्रॉडगेजचा स्लीपर पावणेतीन मीटर लांब. दोन बाजूंना थोडी मोकळीक धरली तरी एका रस्त्याच्या अर्ध्या रुंदीत काम होतं. पण ती मधेच एका ठिकाणी तुटली की संपली. दहा भूखंड जपून अकरावा विकला तर उरलेले दहा तुकडे म्हणजे दहा गल्ल्या. बगीचा अर्धा ठेवता येतो, तलाव निम्मा बुजवला तरी निम्मा उरतो; मार्गाचं तसं नसतं.

चालायला ही वाट इतर कुठल्याही रस्त्यापेक्षा बरी असेल, याचं कारण साधं आहे. मालगाडीला चढ सोसत नाही आणि अचानक वळण घेता येत नाही. त्यामुळे मार्ग जवळजवळ सपाट आणि वळणं लांबलचक. चाकाची खुर्ची, बाबागाडी, गुडघे दुखणारी आजी, सगळ्यांना जमेल. मुंबईतल्या फूटपाथवर हे तिघेही सध्या घरीच बसतात. सावली मात्र लावावी लागेल. पिंपळ आणि वड गोदामांच्या भिंतींतून आपणहून उगवले आहेत. ते भिंतींना वाईट, पण जमिनीवर लावले तर चांगले. पाम लावू नका, हात जोडून सांगतो.

एक गोष्ट मात्र लिहून घेतल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. या रुळांच्या कडेला वस्त्या आहेत. काही जुन्या कामगारांच्या, काही नंतर आलेल्यांच्या. "वारसा जपायचा" म्हणून त्यांच्यावर बुलडोझर चालणार असेल तर मी माझं हे पत्र मागे घेतो. वस्ती आहे तिथे वाट तिच्यातून जाऊ दे, किंवा शेजारच्या गल्लीने वळसा घेऊ दे आणि रेघेची खूण जमिनीत बसवा. पुनर्वसन करायचंच असेल तर त्याचं कारण आणि कायदा वेगळा, त्यासाठी चालणाऱ्यांचं नाव पुढे करू नका. उरणच्या माणसाला "प्रकल्पासाठी" या शब्दाची धास्ती आहे, ती का, हे वर लिहिलंच आहे.

तुमच्या बाजूच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. गोद्यांची हद्द कस्टम्सची, तिथे कुणालाही सोडता येणार नाही. तिथे भिंतीबाहेरून वाट न्या, पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूने, आणि भिंतीत चार जाळ्या ठेवा. जमिनीत तेल आहे, कोळसा आहे, दारूखान्याकडे जहाजं तोडण्याचा जो काही गाळ आहे तो आहे. तेव्हा आधी माती तपासा, आणि जिथे वाईट आहे तिथे वरून स्वच्छ थर द्या. खर्चाचं म्हणाल तर रस्ता ओलांडणारे गाडलेले रूळ काढू नका, एवढ्यानेच थोडा वाचेल; ते उपटायला जेसीबी लावून मिळणाऱ्या भंगाराचा भाव आणि नंतर रस्ता दुरुस्त करायचा खर्च यांची बेरीज तुमच्या अभियंत्यांनी एकदा करून पाहावी.

मला काय हवंय ते थोडक्यात सांगायचं तर, भंगाराची पुढची निविदा निघण्याआधी सर्व्हेअर पाठवा. जे रूळ, सांधे, फाटकं, खोदीव दगड, पाट्या जागेवर आहेत ते सगळे नकाशावर चढवा, जुन्या ड्रॉइंगशी ताडून पाहा आणि तो नकाशा लोकांसाठी खुला करा. सर्व्हेअरसोबत निवृत्त माणसं न्या. बीपीटीचे पेन्शनर तुमच्याच यादीत आहेत, पत्ते तुमच्याकडेच आहेत. एकेकाला गाडीने आणा, चहा द्या, आणि ते बोलतील ते टिपून घ्या. हे काम पुढच्या वर्षी करू असं म्हणण्यासारखं नाही. ऐंशीच्या पुढची माणसं पुढच्या वर्षावर ढकलता येत नाहीत. मग आराखड्यात एक रेघ ओढा, वडाळा ते बॅलार्ड पिअर, आणि तिच्यावर "बांधकामास मनाई" असं चार शब्दांऐवजी दोनच शब्दांत छापा. भूखंडांची बोली लावणाऱ्यांना ती आधीच दिसू दे.

नावांच्या पाट्या मराठीत असाव्यात आणि जुनी नावं तशीच ठेवावीत: 'हे' (इंग्रजी hay, म्हणजे गवत) बंदर, लाकडी बंदर, कोळसा बंदर, हाजी बंदर. "सी-व्ह्यू प्रोमेनेड, फेज टू" असलं काही नको.

रे रोडच्या टपरीवरचे काका अजून त्याच बाकावर बसतात. सकाळी दहाच्या आत गेलात तर भेटतील. सर्व्हेअर कधी येणार ते कळवलंत तर मी मोऱ्याची पहिली लाँच पकडून येईन आणि ओळख करून देईन. फक्त ओहोटीचा दिवस नको. मोऱ्याला गाळ इतका साचलाय की ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, आणि त्याबद्दलचं पत्र वेगळ्या खात्याला लिहावं लागेल.

कळावे,

आपला,
एक उरणकर लाँचप्रवासी